दाद आहे, इस्लाह कुठे?

इंटरनेटमुळे लेखक आणि वाचक जवळ आले, असे हल्ली प्रत्येक साहित्यिक कार्यक्रमात कुणी ना कुणी सांगतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. दोन्ही घरांत वावर असल्यामुळे आम्हाला ही जवळीक थोडी वेगळी दिसते.

मराठी लेखकाला वाचक भेटायचा तो पत्रातून. दिवाळी अंकात कथा छापून आली की पोस्टकार्डाची वाट पाहायची. पुष्कळांना ते कधी यायचेच नाही. उर्दू शायराचे तसे नव्हते. मुशायऱ्यात शेर जमला की 'मुकर्रर, मुकर्रर', आणि फसला तर तिथल्या तिथे शांतता. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या श्रोत्यांपुढे उभे राहिलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. इंटरनेटने मराठी लेखकाला याच मंचावर आणून उभे केले. 2014 साली बंगळुरूत सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'वर मराठी कादंबऱ्या भागाभागाने येतात, वाचक तारे देतात, पुढचा भाग कधी म्हणून तगादा लावतात. (भागाभागाने तर हरिभाऊ आपटेही लिहीत होते, पण त्यांच्या नायिकेचे काय करायचे हे वाचक रोज रात्री कळवत नव्हते.)

यात वाईट काही नाही. उर्दू माध्यमात शिकलेली, मराठीत लिहू पाहणारी आमची मुले-मुली संपादकाच्या दारापर्यंत कधी पोहोचलीच नसती. लिंग चुकते, विभक्ती चुकते, म्हणून त्यांची वही पहिल्याच पानावर मिटली जायची. आज त्यांना वाचक आहे. वाचकच उरला नाही ही रडही आम्हाला पटत नाही. डिसेंबर 2021 मध्ये नाशकात 94 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच महिन्यात मालेगावच्या उर्दू पुस्तक मेळ्यात एक कोटीहून अधिक रुपयांची पुस्तके खपली. तेव्हा मोबाईल सर्वांच्याच हातात होता.

आमची तक्रार दुसरी आहे. उर्दू परंपरेत दाद ही अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी म्हणजे इस्लाह, उस्तादाने शागिर्दाच्या रचनेत केलेली दुरुस्ती. मंचावर जाण्याआधी गझल उस्तादाच्या नजरेखालून जायची. त्यासाठी समोर बसावे लागत होते असेही नाही. मिर्झा गालिब दिल्लीत बसून मुन्शी हरगोपाल तफ्ता यांच्या रचना टपालाने दुरुस्त करीत. तरुण इक्बालांनीही आपल्या गझला टपालाने हैदराबादेत दाग देहलवींकडे पाठवल्या, आणि काही काळाने दागांनीच कळवले की आता इस्लाहची गरज नाही. हे वाक्य ऐकायला किती वही-कागद खर्ची पडत असेल! मराठीत हे काम सुरेश भटांनी केले. नव्या गझलकारांना ते पत्रे लिहीत, 'गझलेची बाराखडी' पाठवत. त्यांचे 2003 साली निधन झाले, आणि मराठी गझलेचा खरा पसारा इंटरनेटवर वाढला तो त्यानंतर.

म्हणजे अंतर हा अडथळा कधीच नव्हता. टपालाला आठवडा लागत होता तेव्हा इस्लाह होत होती. आता निरोप क्षणात पोहोचतो आणि ती होत नाही. का होत नाही? आमच्या मते, दाद चारचौघांत द्यायची आणि दुरुस्ती एकांतात करायची, हा जुना अदब इथे पाळायला जागाच नाही. चूक दाखवायची तर सर्वांसमक्ष, म्हणजे ती दुरुस्ती राहत नाही, बेअदबी होते. मुस्लिम नावाच्या नवोदिताची मराठी सर्वांसमक्ष दुरुस्त करणे तर आणखी नाजूक. चांगला जाणकारही मग अंगठा दाखवून पुढे जातो. समीक्षकही त्यातच आले. आपल्याच माणसाला सांभाळून घेण्याच्या भरात आम्ही मंडळी त्याला वाढू देत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मराठी गझल टाकली. मतल्यात 'वारा' आणि 'तारा', पुढच्या शेरात 'शाळा'. 'आरा'चा काफिया एकदा बांधल्यावर 'शाळा' चालत नाही, हे गझल लिहिणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. खाली 'क्या बात है' आणि 'अप्रतिम' यांची रांग. त्या रांगेत स्वतः गझल लिहिणारे तिघे होते. आम्ही त्याला वेगळा निरोप पाठवला, 'बाराखडी' आज इंटरनेटवरही वाचायला मिळते तेही सांगितले. त्याचे उत्तर लगेच आले, अगदी अदबीने: "सर, तीनशे लोकांना आवडली. मग शाळा चुकीची कशी?"