कर्ता आणि लेखक : खेळाडूंच्या वृत्तपत्रीय लेखनाची परीक्षा

गेल्या चैत्रांत आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें कामरगावीं आमच्या घरीं एक रुमाल आणून ठेविला. आंत पोथी असेल या आशेनें आम्हीं गांठ सोडली. पण निघालीं तीं वर्तमानपत्रांचीं कात्रणें, सुमारें चारशें, बहुतेक क्रिकेटचीं. तीं त्याच्या वडिलांनीं जमविलेलीं. हा संग्रह एखाद्या ग्रंथालयास द्यावा अशी मुलाची इच्छा आहे; मात्र देण्यापूर्वीं खेळाडूंनीं स्वतः लिहिलेले लेख वेगळे काढून त्यांवर तशी चिठी लावावी, असा त्याचा आग्रह. काम आम्हांस सोपें वाटलें. ज्या लेखावर खेळाडूचें नांव छापलें आहे तो खेळाडूचा, एवढाच विचार होता. तीन महिने होऊन गेले तरी काम पुरें झालेलें नाहीं.

ज्या कारंजें तालुक्यांतील जैन भांडारांच्या साह्यानें डॉ. हीरालाल जैन यांनीं १९३३ सालीं पुष्पदंताचें 'णायकुमारचरिउ' उजेडांत आणिलें, त्याच तालुक्यांत बसून क्रिकेटच्या कात्रणांचा काथ्याकूट करावा, हें कित्येक विद्वानांस हलकें वाटेल. त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, त्या पोथ्या हातीं आल्यावर संपादकास पडलेला पहिला प्रश्न आणि आमच्यापुढील प्रश्न एकच आहे : कर्ता कोण आणि लेखक कोण?

पोथ्यांच्या पुष्पिकांत 'लेखक' म्हणजे नकल करणारा. रचना करणारा तो कर्ता. पुढें मराठींत या शब्दाचा अर्थ फिरला आणि लेखक हाच कर्ता झाला. वर्तमानपत्रांतील खेळाडूंच्या सदरांनीं तो जुना अर्थ पुन्हां जिवंत केला आहे. खेळाडू सायंकाळीं चार गोष्टी बोलतो, वार्ताहर त्या टिपून घेतो, लेख जुळवितो, आणि दुसऱ्या दिवशीं तो खेळाडूच्या नांवानें व छायाचित्रासह प्रसिद्ध होतो. या व्यवहारास सरसकट लबाडी म्हणणारे टीकाकार आहेत. आम्ही त्यांच्यांत नाहीं. मराठेशाहीच्या पत्रव्यवहाराशीं परिचय असलेल्या कोणासहि तसें म्हणतां येणार नाहीं. पत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा, माथ्यावर शिक्का धन्याचा, शेवटीं कोणी जास्त अक्षर घालूं नये म्हणून मोर्तब. आणि धन्यास विशेष कांहीं सांगावयाचें असल्यास दोन ओळी दस्तुरखुद्द. म्हणून तें पत्र बनावट ठरत नाहीं. बाळाजी आवजी चिटणीस यांच्या हातचें पत्र शिवाजी महाराजांचेंच होय. व्यासांनींहि गणपतीस लेखनास बसविलें होतें. पण अर्थ कळल्यावांचून अक्षर लिहावयाचें नाहीं, ही अट घालून. आजच्या कित्येक सदरांच्या लेखनिकांवर ही अट कोणी घातलेली दिसत नाहीं!

तेव्हां लेखनिक असणें हा दोष नव्हे. तो लपविणें हा दोष होय. सचिन तेंडुलकर यांचें आत्मचरित्र 'प्लेइंग इट माय वे' २०१४ सालीं निघालें, त्यावर बोरिया मजुमदार यांचें सहलेखक म्हणून नांव आहे. मजुमदार हे भारतीय क्रिकेटचे इतिहासकार, म्हणजे चिटणीस इतिहासज्ञ आणि त्याचें नांव उघड. ही पद्धति आम्हांस सर्वथा मान्य आहे. ग्रंथ मात्र तितका मान्य करवत नाहीं. धावांच्या व सामन्यांच्या याद्या पुष्कळ, मनाची हकीकत थोडी. मोर्तब आहे, पण दस्तुरखुद्द ओळी विरळा. त्यांतील एक ओळ सांगण्यासारखी आहे. मार्च २००४ मध्यें मुलतान येथें ते १९४ धावांवर नाबाद असतांना कप्तान राहुल द्रविड यांनीं डाव घोषित केला. त्या प्रसंगींची आपली नाराजी व तंबूंत परतल्यावर झालेलें बोलणें त्यांनीं ग्रंथांत दिलें आहे. धावफलकावरून एवढेंच समजतें कीं, डाव घोषित झाला. बाकीचें त्या एका माणसावांचून कोणास सांगतां आलें नसतें. खेळाडूच्या लेखाचें मूल्य आम्ही यावरूनच ठरवितों : जें केवळ त्यालाच दिसलें तें त्यांत किती आहे? जें प्रेक्षकांच्या सज्जांत बसूनहि दिसलें असतें, त्यासाठीं खेळाडूचें नांव कशाला?

या कसोटीस पूर्णपणें उतरणारा ग्रंथ म्हणजे सुनील गावसकर यांचा 'सनी डेज'. तो १९७६ सालीं निघाला, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलांत किंग्स्टन येथें झालेल्या कसोटी सामन्याची हकीकत त्यांत आहे. त्या सामन्याचा धावफलक शिलालेखासारखा त्रोटक आहे : भारताचा पहिला डाव ६ बाद ३०६ वर घोषित, दुसरा डाव ९७ धावांत समाप्त, पांच जण जखमी म्हणून फलंदाजीस आलेच नाहींत. अंशुमान गायकवाड यांच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथ व ब्रिजेश पटेल हेहि जायबंदी झाले. गावसकर यांनीं या प्रकरणाच्या मथळ्यांतच रानटीपणाचा उल्लेख केला आणि तेथील प्रेक्षकसमुदायावर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. ती टीका अन्यायाची आहे असें आमचें मत आहे. एका समुदायाच्या वर्तनावरून सबंध लोकांस जंगलांत लोटणें शोभत नाहीं. परंतु याच कारणास्तव तें प्रकरण अस्सल आहे हेंहि खरें. पगारी लेखनिक आपल्या धन्याच्या तोंडीं इतकें अविचारी वाक्य घालीत नाहीं. तो वाक्याच्या कडा घासून गुळगुळीत करितो. बखरींत आपण अशाच जागा हुडकितों. बखरकार जेथें स्वतःचा तोल घालवितो, तेथें तो पाहिलेलें सांगत असण्याचा संभव अधिक. वेस्ट इंडीजच्या जलद गोलंदाजांचा न्याय करण्यास ती हकीकत अपुरी आहे. पण त्या दिवशीं भारतीय तंबूंत भय व संताप किती होता हें जाणण्यास तिच्याएवढें साधन नाहीं.

दुसरी अडचण हेतूची. बखर वाचतांना बखरकाराचा पोशिंदा कोण हें आपण पाहतों. सदर वाचतांना तें पाहण्याची संवय वाचकांस नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळानें १९३२ सालीं डॉन ब्रॅडमन यांस वृत्तपत्रासाठीं लिहिण्यास मनाई केली, तेव्हां ब्रॅडमन यांचा एका वृत्तपत्रसंस्थेशीं करार होता. मालिका खेळावी कीं करार पाळावा असा पेंच पडला, आणि संस्थेनें लेखनाच्या बंधनांतून मोकळें केलें तेव्हांच तो सुटला. आमच्याकडे २००८ सालीं याच्या उलट झालें. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या क्रिकेट समितीचें अध्यक्षपद आणि वृत्तपत्रांतील व दूरचित्रवाणीवरील काम, यांपैकीं एक निवडा, असें गावसकर यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं अध्यक्षपद सोडलें. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. आज्ञापत्र काढणारानेंच त्यावर टीकाहि लिहावी, हें दोन्हीं कामांस घातक. मात्र यावरून कात्रणें पाहणारानें एक बोध घ्यावा : २००८ पूर्वींचें सदर व त्यानंतरचें सदर एकाच हातचें असलें तरी एकाच आसनावरून लिहिलेलें नाहीं. म्हणून चिठीवर नांवाबरोबर तारीख हवी.

आणि तारीख हीच आमची खरी व्यथा. कात्री चालविणारानें मजकूर तेवढा सुबक कापून घेतला, वरची तारीख व पत्राचें नांव टाकून दिलें. जुन्या चित्रांच्या कडा छाटून चौकटींत बसविणारे आणि हे, एकाच माळेचे मणी. आम्ही आतां कात्रण उलटें करून वाचतों. पाठीमागें कापसाचे भाव, एखाद्या बोलपटाची जाहिरात, रेल्वेच्या वेळापत्रकांतील बदल, असें कांहीं अर्धवट सांपडतें, आणि त्यावरून महिना ठरतो. जवळजवळ साठ कात्रणांच्या तारखा अशा निघाल्या आहेत.

लेखनिकाची गरजच नव्हती असा एक पुरुष या क्षेत्रांत होऊन गेला, त्याचा उल्लेख संस्कृतच्या शिक्षकानें न करणें हें पाप होईल. प्रा. दि. ब. देवधर (१८९२–१९९३) पुण्यास संस्कृत शिकवीत. डिसेंबर १९२६ मध्यें त्यांनीं मुंबईस गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १४८ धावा केल्या, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. १९६६ सालीं त्यांचें इंग्रजी आत्मवृत्त निघालें. मैदानांत उभा असलेला मनुष्यच शब्दांचा अधिकारी असण्याचा योग क्वचित्. बाळ ज. पंडित यांचीहि गणना याच वर्गांत करावी. ते स्वतः खेळलेले, आणि मराठी समालोचन आकाशवाणीवरून घरोघर पोंचविणारे. 'पायचीत', 'त्रिफळाचीत', 'धावफलक', 'निर्धाव षटक' हे शब्द खेड्यांतील पोरांच्या तोंडीं बसले, त्यांत अशा समालोचनाचा वांटा मोठा. आमच्या वर्गांतील जीं मुलें अमरकोशाचा एक श्लोक म्हणतांना अडखळत, तीं हे सामासिक शब्द बिनचूक उच्चारीत.

शब्दांवरून आठवलें. १९८० नंतरच्या दशकांत 'एकच षटकार' नांवाचें क्रीडापाक्षिक निघत असे. आम्हां जुन्या माणसांस 'वषट्कार' माहीत. तो यज्ञांतील उच्चार. 'षट्कार' या शब्दास ओंकार-हुंकाराच्या पंक्तींत बसविणाराच्या धाडसाचें आम्हांस कौतुकच वाटतें. या पाक्षिकाचे संपादक संदीप पाटील, १९८३ च्या विश्वविजेत्या संघांतील फलंदाज; आणि कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी, जे व्यवसायानें अभियंते होते व २०२५ सालीं निवर्तले. म्हणजे शिक्का खेळाडूचा आणि दफ्तर लेखकाचें, अशी उघड विभागणी. रुमालांत या पाक्षिकाचीं कांहीं सुटीं पानें आहेत, आणि आमचें काम अडलें आहे तें मुख्यतः त्यांवरच.

खेळाडूस जें दिसत नाहीं, तेंहि कोणींतरी लिहावें लागतें. महाराष्ट्र टाइम्समधून वि. वि. करमरकर (निधन २०२३) यांनीं तें केलें. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो व कुस्ती यांस त्यांनीं स्थान दिलें आणि क्रीडासंस्थांच्या कारभारावर नजर ठेविली. संघटनेचे हिशेब तपासणें हें मैदानांतील माणसाचें काम नव्हे, आणि पुष्कळदां तें त्याच्या सोयीचेंहि नसतें. रुमालांत खाशाबा जाधवांविषयीं सात कात्रणें आहेत, १९५२ च्या हेलसिंकी येथील कांस्यपदकासंबंधीं. त्यांत खाशाबांच्या नांवानें एकहि नाहीं. येथून जवळच अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखविले. त्या पथकांतील कोणा मल्लाचें सदर या चारशेंत असतें, तर आम्हीं त्यावर शंभर क्रिकेटचीं कात्रणें ओंवाळून टाकिलीं असतीं. व्यायामविद्येचा ग्रंथ मात्र मराठीस मिळाला, द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखालीं बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. त्यांत डावपेंच आहेत; डाव चुकला तेव्हां मल्लास काय वाटलें तें नाहीं.

आतांपर्यंत एकशें बारा कात्रणांवर आम्हीं 'कर्ता खेळाडू, लेखनिक अज्ञात' अशी चिठी लाविली आहे, एकतीस कात्रणांवर 'दस्तुरखुद्द' अशी. 'एकच षटकार'च्या पानांवर कांहींच लाविलें नाहीं. १८६७ च्या कायद्यानें मुद्रक-प्रकाशकांचीं नांवें प्रत्येक अंकावर छापणें भाग होतें, पण बांधणी करणारे वेष्टनें फाडून टाकितात आणि नांवांची ओळ बहुधा त्यांबरोबरच जाते. ज्या वाचकांच्या संग्रहीं या पाक्षिकाचे अंक वेष्टनासह असतील, त्यांनीं त्या ओळीची व अनुक्रमणिकेची नकल मंडळाकडे पाठवावी. मूळ अंक पाठवूं नयेत.