शनिवार पाळणाऱ्यांचे मौन

रेवसहून अलिबागकडे निघाले की वाटेत किहीमचा फाटा लागतो. हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या आडनावात हेच गाव आहे. त्यांनी १८९७ साली इंग्रजीत लिहून पूर्ण केलेला बेने इस्रायलांचा इतिहास छापून आला तो थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या पश्चात. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', खवल्यांवाचूनचा मासा न खाणारी घरे, असे सारे त्यात आहे. मूलपण मात्र नाही. या पट्टीतला पोरगा मुंबईस गेला, शनिवारीही चालू असलेल्या बाजारात वावरला, तेव्हा त्याच्या मनात काय झाले, याची ओळही सापडत नाही.

मेरी-अ‍ॅन किर्कबी यांचे 'आय अ‍ॅम हटराइट' (२००७) वाचताना ही उणीव अधिकच बोचली. कॅनडातील मॅनिटोबात, जिथे मालमत्ता सामाईक आणि जेवण एका पंगतीत, अशा वसाहतीतून त्यांचे कुटुंब १९६९ मध्ये बाहेर पडले. त्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. कपडे, शाळा, खाणे, सगळीकडची लाज त्या मोकळेपणी सांगतात. त्यांना ते परवडले, कारण त्या हटराइट होत्या याविषयी कोणाला शंका नव्हती.

केहिमकरांना तसे परवडणारे नव्हते. 'तुम्ही खरे यहुदी का?' या प्रश्नाला उत्तर म्हणूनच त्यांचे पान न् पान लिहिले आहे, आणि साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून आपले मन उघडे करायचे नसते. ही भीती फाजील नव्हती. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने बेने इस्रायलांच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या विवाहांआधी आई-आजीपासून मागे वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. निदर्शनांनंतर १९६४ मध्ये त्यांतून समाजाचे नाव वगळले गेले. म्हणजे किनारा सोडून 'आपल्यांत' गेलेल्यांना तिथेही पुरावा द्यावा लागला.

म्हणून केहिमकरांच्या ग्रंथाला कोरडा म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझे जमत नाही. घराची ओढाताण पुढे मीरा महादेवन यांनी 'अपना घर'मध्ये मांडली. पण ती कादंबरी हिंदी. मलिद्याचे ताट मांडून घरात मराठी बोलणाऱ्यांची ही गोष्ट मराठीत आधी का आली नाही, हे कोडे मला रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहताना नेहमी पडते.