चोई उन-ही : अपहरणाच्या गोष्टीमागची अभिनेत्री

चोई उन-ही यांचं नाव निघालं की बोलणं थेट १९७८ च्या जानेवारीवर येऊन थांबतं. हाँगकाँगमधून उत्तर कोरियाने त्यांना पळवून नेलं. त्यांचे घटस्फोटित पती, दिग्दर्शक शिन सांग-ओक, काही महिन्यांत तिथेच पोहोचवले गेले. १९८३ पर्यंत दोघांना एकमेकांचं तोंडही पाहू दिलं नाही. पुढे उत्तर कोरियाचे भावी हुकूमशहा किम जोंग-इल यांच्यासाठी चित्रपट करावे लागले आणि १९८६ मध्ये व्हिएन्नातल्या अमेरिकी वकिलातीत आश्रय मिळाल्यावर सुटका झाली. यावर पुस्तकं निघाली, माहितीपट झाला. पण या थरारकथेने चोई यांचा अभिनय झाकोळून टाकला, हा त्यांच्यावर झालेला दुसरा अन्याय आहे. युद्धानंतरच्या कोरियात बाईने कसं वागावं याबद्दल समाजाच्या मनात जो गोंधळ होता, तो त्यांच्याइतका स्पष्ट क्वचितच कुणी पडद्यावर आणला असेल.

त्यासाठी दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. ‘नरकातलं फूल’ (१९५८) मधली सोन्या अमेरिकी सैनिकांच्या छावणीभोवती देहविक्रय करते. प्रियकर लष्करी मालाची चोरी करणारा, आणि ही त्याच्याच धाकट्या भावाला नादी लावते. शेवटी चिखलात तिचा खून होतो. कथा तिला शिक्षा देते खरी, पण चोई सोन्याला कुठेही दयेची याचना करू देत नाहीत. तिच्या चालण्यातली बेफिकिरी लक्षात राहते, शिक्षा नाही. तीनच वर्षांनी आलेल्या ‘पाहुणा आणि आई’ मध्ये त्या तरुण विधवा आहेत. घरात भाड्याने राहायला आलेल्या दिवंगत नवऱ्याच्या मित्राशी त्या फारसं बोलतही नाहीत. निरोपांची ने-आण सहा वर्षांची ओक-ही करते. पाहुण्याला उकडलेली अंडी आवडतात हे कळल्यावर घरात अंडी जास्त यायला लागतात. मुलगी फुलं आणते आणि ती पाहुण्याने दिली असं खोटंच सांगते. आई ती टाकून देत नाही. एवढ्याशा गोष्टींवर अख्खं प्रेमप्रकरण उभं राहतं, कारण चोई यांचा चेहरा प्रत्येक वेळी ‘हो’ आणि ‘नको’ एकाच वेळी म्हणतो. सोन्या आणि ही विधवा एकाच अभिनेत्रीने केल्या, यावर विश्वास बसत नाही.

दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक शिनच, त्यामुळे यावर हमखास आक्षेप येतो की हे सगळं त्यांनी घडवलं. पण चोई यांचा पहिला चित्रपट १९४७ चा, लग्न १९५४ चं. म्हणजे त्या शिन यांच्याकडे आल्या तेव्हा मुरलेल्या अभिनेत्री होत्या. १९६१ मध्ये चुनह्यांगच्या लोककथेवर दोन रंगीत चित्रपट जवळजवळ एकाच वेळी लागले. समोर विशीतल्या किम जी-मी, इकडे चौतिशीतल्या चोई. आणि षोडशवर्षीय नायिकेच्या या कथेत प्रेक्षकांनी चोई यांचाच चित्रपट डोक्यावर घेतला. १९६५ मध्ये त्यांनी ‘मिनम्यनुरी’ दिग्दर्शित केला आणि त्यात बालनवऱ्याच्या घरी राबणाऱ्या सुनेची भूमिकाही स्वतः केली. पार्क नाम-ओक आणि होंग उन-वन यांच्यानंतर दिग्दर्शनात उतरलेल्या त्या कोरियातल्या तिसऱ्या स्त्री.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कैदेत केलेल्या कामाचं कौतुक करायचं का? १९८५ मध्ये मॉस्को महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तो उत्तर कोरियात बनलेल्या ‘मीठ’ या चित्रपटासाठी. चित्रपटाचा शेवट राजवटीला हवा तसाच आहे, हे मान्य करायला हवं. पण सगळं गमावत गेलेली ती आई घोषणांच्या आधारावर उभी नाही. तिच्यामागे चोई यांची तीस-पस्तीस वर्षांची साधना आहे, आणि त्या साधनेचं श्रेय त्यांना कैद करणाऱ्यांना देण्याचं काहीच कारण नाही.

चोई १९९९ मध्ये दक्षिण कोरियात परतल्या आणि १६ एप्रिल २०१८ रोजी गेल्या. कोरियन फिल्म अर्काइव्हने त्यांचे जुने चित्रपट यूट्यूबवर इंग्रजी उपशीर्षकांसह मोफत ठेवले आहेत. कोरियन मालिका आवडीने बघणाऱ्यांनी ‘पाहुणा आणि आई’ आधी पाहावा, अपहरणाचा माहितीपट नंतर.