मागे उरते ते छायाचित्र

चित्रपटाविषयीचे आपले मत चित्रपट पाहिल्यानंतर बनते, असा आपला एक भाबडा समज असतो. खरे म्हणजे ते त्याआधीच आकार घेऊ लागलेले असते. एके काळी थिएटरच्या आवारात काचेच्या पेटीत टाचण्यांनी लावलेले फोटो असत. तिकीट काढावे की घरी परतावे, हे त्या पेटीपुढे उभे राहूनच ठरे. त्या पेट्या गेल्या, पण त्यांचे काम संपले नाही. आज एखादा लघुपट महोत्सवाकडे पाठवायचा झाला, की अर्जात कथासार आणि दिग्दर्शकाची माहिती यांच्या जोडीला तीन-चार स्थिरचित्रे मागतात. निवड झाली तर स्मरणिकेत छापायला, वर्तमानपत्रांकडे धाडायला तीच लागतात. हजारो प्रेक्षकांपैकी बहुतेकांना त्या लघुपटाचे जे दर्शन घडते, ते तेवढेच.

हा विषय सुचायला कारण घडले ते आमच्या सचिनमध्ये. सुरतेहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव पूर्वी सिद्दी नवाबांच्या संस्थानाची राजधानी होते. आज ते औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. ताप्ती मार्गाच्या गाडीने खानदेशातून उधन्याला उतरलेली आपली कितीतरी कुटुंबे इथल्या कापडधंद्यावर उभी राहिली. अशाच घरांतल्या तीन मुलांनी एक चौदा मिनिटांचा लघुपट केला. मुलांची व लघुपटाची नावे मुद्दामच देत नाही. कारण जी चूक सांगायची आहे ती त्यांच्या एकट्यांची नाही, आपल्याकडच्या बहुतेक नवशिक्यांची आहे.

लघुपटाचा विषय एक यंत्रमाग कामगार. त्याच्या खात्यातले धोट्याचे जुने माग आता निघणार आहेत. पाण्याच्या झोतावर चालणाऱ्या नव्या मागांना धोटा लागत नाही आणि माणसेही कमी लागतात. एवढीच गोष्ट असती तर लघुपट विसरून गेलो असतो. पण या मुलांनी एक गोष्ट अचूक हेरली आहे. त्यांचा कामगार कापड डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहतो. शंभर मागांच्या खडखडाटात आपल्या एका मागाचा आवाज किंचित बदलला, की धागा तुटल्याचे त्याला पाठमोऱ्यानेही कळते. तो थबकतो, मान थोडी कलती करतो आणि मग वळतो. हा प्रसंग लघुपटात तीनदा येतो. तिसऱ्या वेळी माग बंद आहेत, खाते शांत आहे. तरीही त्याची मान सवयीने कलते. माझ्या मते या तिसऱ्या प्रसंगासाठीच हा लघुपट केला आहे.

अर्ज भरायच्या रात्री त्यांच्यातला एक जण घरी आला. म्हणाला, “काका, फोटो काढायचे राहूनच गेले.” चित्रीकरण चालू असताना स्थिरचित्रे काढायला वेगळा माणूस नेमावा, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. मोबाइलवर काढलेले फोटो होते. त्यांत कॅमेरा होता, छत्री होती, हसणारी मुले होती, फक्त लघुपट नव्हता. परत जाऊन काढावेत, तर ते खाते उरले नव्हते. माग किलोच्या भावाने भंगारात गेले होते.

मग त्यांनी दोन उपाय केले. पहिला म्हणजे दुसऱ्याच एका खात्यात, वेगळ्या जातीच्या मागापुढे त्या कामगाराला उभे करून फोटो काढला. फोटो स्वच्छ आला, पण खोटा आला. ज्या मागाच्या जाण्याची ही गोष्ट, तो माग त्यात नाही; आणि माणूस कामाकडे पाहण्याऐवजी आपल्याकडे पाहतो आहे. दुसरा उपाय म्हणजे लघुपटातलीच एक चौकट उचलायची. त्यासाठी त्यांनी निवडले ते सुरकुतलेले कपाळ, घाम, खोल गेलेले डोळे.

इथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. लघुपटातून उचललेली चौकट साधारणपणे १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच असते. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर तिची रुंदी ६.४ इंच आणि उंची ३.६ इंच भरते. स्मरणिकेच्या अर्ध्या पानाला ती पुरते. अडचण आकाराची नाही, वेगाची आहे. सेकंदाला २४ चौकटी टिपणारा कॅमेरा प्रत्येक चौकट साधारण १/४८ सेकंद उघडी ठेवतो. हलणारी वस्तू तेवढ्यात पुसट होते. पडद्यावर ती पुसटता गती म्हणून शोभते, कागदावर मात्र दोष वाटते. म्हणूनच स्थिरचित्रकार वेगळा लागतो. तो तालमीच्या वेळी किंवा प्रसंग संपताच, नट जागचे हलायच्या आत, फोटो घेतो. कारण जुन्या कॅमेऱ्याचा खटका ध्वनिमुद्रणात उमटे. आता बिनआवाजाचे कॅमेरे आल्याने ती सबबही उरली नाही. मात्र खात्यातल्या ट्यूबलाइटखाली फार वेगवान फोटो घेतला तर चित्रात काळपट पट्टे येतात. आपली वीज ५० आवर्तनांची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा मंदावतो. म्हणून तिथे १/५० किंवा १/१०० वरच थांबावे लागते. धोटा पुसट होईल, होऊ द्यावा. माणूस स्थिर आणि धोटा पुसट, हेच त्या जागेचे सत्य आहे.

पण खरा मुद्दा तंत्राच्या पलीकडचा आहे. स्थिरचित्र निवडणे ही समीक्षाच आहे, आणि ती करणारा पहिला समीक्षक स्वतः दिग्दर्शक असतो. आपल्या कृतीत मोलाचे काय, हे त्याला तिथे एका चौकटीत सांगावे लागते. या मुलांनी सुरकुत्या निवडल्या, कारण महोत्सवांना गरिबी आवडते असे कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिले आहे. त्यांचा लघुपट मात्र गरिबीवर नाही, एका माणसाच्या कानावर आहे, त्याच्या कसबावर आहे. चौदा मिनिटे त्यांनी त्याला कारागीर म्हणून दाखवले आणि अर्जाच्या पानावर त्याला दीनवाणा करून ठेवले. हा त्या माणसावरही अन्याय आहे. त्याने आपला चेहरा विश्वासाने दिला होता. तो कशासाठी वापरला गेला, हे त्याच्या घरातली माणसे ते पान पाहतील तेव्हा कळणारच आहे.

असा फोटो काय करू शकतो, याचे एक उदाहरण कापडधंद्यातल्या वाचकांना विशेष रुचेल. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पैशांअभावी रखडलेला असताना, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे मन्रो व्हीलर कलकत्त्यात आले होते. त्यांनी त्या अपुऱ्या चित्रपटाची स्थिरचित्रे पाहिली आणि तो आपल्या प्रदर्शनासाठी मागितला. ते प्रदर्शन होते भारतीय वस्त्रांचे व अलंकारकलेचे. तिथेच मे १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा दाखवला गेला. फोटोंनी चित्रपट विकला असे नव्हे. चित्रपटात जे होते तेच फोटोंत होते, म्हणून पारख्याला ते दिसले. पुढे १९६९ च्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’पासून निमाई घोष रायांच्या चित्रीकरणांवर वर्षानुवर्षे फोटो काढत राहिले, आणि आज रायांचे काम करतानाचे रूप आपण बव्हंशी त्यांच्याच नजरेने पाहतो.

दुसरे उदाहरण तर आमच्या उंबरठ्यावरचे आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, नायक आपले मास्टर विठ्ठल आणि नायिका झुबेदा. ही झुबेदा सुरतेत जन्मलेली, आणि सचिनच्या नवाबांची कन्या म्हणून ओळखली जाणारी. तिची आई फातमा बेगम ही भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक मानली जाते; तिने १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला. आज या दोन्ही चित्रपटांची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळी जुन्या फितींतले रुपे काढून घेण्यासाठी त्या विकून टाकीत. आमच्या मागांसारख्याच त्याही भंगाराच्या भावाने गेल्या. ‘आलम आरा’ची उरली ती स्थिरचित्रे आणि जाहिराती. झुबेदा आपल्याला आज दिसते ती त्या फोटोंतून. देशाचा पहिला बोलणारा चित्रपट आज मुका होऊन आपल्यापुढे उभा आहे. मुका का होईना, उभा आहे. कारण त्या वेळी कुणीतरी आठवणीने फोटो काढून ठेवले होते.

संगणकातली प्रत अमर असते, या भ्रमात आजच्या मुलांनी राहू नये. हार्ड डिस्क बंद पडते, संकेतशब्द हरवतो, लघुपट ठेवणारी कंपनीच बुडते. मागे काय उरेल हे आपल्या हातात नसते. काय काढून ठेवावे हे मात्र असते.

त्या रात्री आम्ही लघुपट एकेक चौकट थांबवत पाहिला. तिसऱ्या प्रसंगात, बंद मागांपुढे तो माणूस मान कलती करून क्षणभर निश्चल उभा राहतो. माणूसही हलत नाही, मागही हलत नाही. म्हणून ती चौकट स्वच्छ निघाली. चित्र थोडे काळोखे आहे, चेहरा अर्धाच दिसतो. मुले कुरकुरली, “काका, यात काही घडतच नाही.” मी म्हटले, “तो ऐकतो आहे, हे दिसते ना? मग पुरे.” खाली छायालेखकाचे नाव घातले आणि चौकट लघुपटातलीच असल्याचे प्रामाणिकपणे लिहिले. दुसऱ्या खात्यातला तो स्वच्छ फोटो पाठवला नाही.

निवड होईल न होईल. तो महोत्सवाचा प्रश्न आहे. पुढच्या लघुपटासाठी मात्र मुलांनी आतापासूनच एक मुलगी स्थिरचित्रांसाठी नेमली आहे. आणि त्या चौकटीची एक प्रत छापून त्यांनी त्या कामगाराच्या घरी दिली आहे. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि कोणता माग होता तो, हे त्याचा नंबर सांगून सांगितले.