‘मोबदला’ शब्दाचा अर्थ

ऐतिहासिक कागद छापतांना कठिण शब्दांचे अर्थ तळटीपेंत देण्याची चाल आहे. परिचित वाटणाऱ्या शब्दास मात्र टीप नसते, आणि वाचकाची फसगत तेथेंच होते. ‘मोबदला’ म्हणजे भरपाई असें गृहीत धरून जुनें वाक्य लावणें हा त्यांतलाच प्रकार होय.

मूळ अरबी शब्द ‘मुबादला’. तो फारसीच्या द्वारें मराठींत आला. बदल, बदली हे त्याच घरचे. अरबींत या वजनाचीं नामें बहुधा उभयपक्षीं क्रिया दाखवितात. मुकाबला एकट्याचा होत नाहीं, मुलाखतही नाहीं, तसाच मुबादला. मराठींत हें नांव क्रियेवरून वस्तूवर उतरलें व एकाबद्दल जें दुसरें मिळतें तें मोबदला झालें. तरी देणारा व घेणारा दोघेही शब्दांत शाबूत राहिले. भरपाईंत एकाची हानि व दुसऱ्याचें दायित्व एवढेंच उरतें.

हा भेद क्षुल्लक नव्हे. वसईच्या तहानें (३१ डिसेंबर १८०२) बाजीरावानें इंग्रजी फौजेच्या खर्चाकरितां २६ लक्षांचा मुलूख तोडून दिला. पुढें डिसेंबर १८०३ च्या पुरवणी कलमांनीं त्यांपैकीं सावनूर, बंकापूर वगैरे परत घेऊन बुंदेलखंडांतील ३६,१६,००० रुपयांचा मुलूख दिला. येथें ‘भरपाई’ म्हटल्यास इंग्रजांची कांहीं हानि झाली होती असा भास होतो. वस्तुतः बुंदेलखंडांत पेशव्यांचा अंमल नांवालाच उरला होता; जें हातीं नव्हतें तें देऊन बाजीरावानें जवळचें सोडवून घेतलें. (या गृहस्थास व्यवहार कळत नव्हता असें म्हणणाऱ्यांनीं हें कलम अवश्य पाहावें.) दिलेला आंकडा मोठा दिसतो, कारण त्यांत लष्करी खर्चाच्या रकमाही मिसळल्या आहेत, सगळाच मुलूख मोबदल्याचा नव्हे. हें सारें उलगडतें तें दोन्ही बाजू मांडून पाहिल्यावरच.

भरपाईचा अर्थ अलीकडे रूढ झाला आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या मराठी नांवांत ‘वाजवी भरपाई’ असे शब्द आहेत. ज्याची जमीन जाते तो मात्र मोबदलाच मागतो. परंतु हा नवा अर्थ पेशवाईच्या कागदांवर लादूं नये. तेथें हा शब्द भेटल्यास काय दिलें व काय घेतलें, या दोहोंचा शोध संपादकानें आधीं घ्यावा. एकाचाच पत्ता लागल्यास टीपेंत तसें नमूद करावें.