कुंचल्याचें वळण आणि शिशाचा ठसा

एकच अक्षर हातानें दहा वेळां लिहिलें, तर तें दहा तऱ्हांनीं उमटतें. खिळा मात्र हजार वेळां छापला तरी तोच तो. म्हणून हस्ताक्षराची नक्कल करूं पाहणाऱ्या टाईपापुढें पहिला प्रश्न असा कीं, जें पुन्हा तसेंच कधीं उमटत नाहीं, तें सांच्यांत ओतावें कसें? या प्रश्नाचें आमच्या मतें सर्वांत धीट उत्तर म्हणजे रॉजर एक्सकोफों (१९१०–१९८३) या फ्रेंच कलावंतानें १९५३ सालीं मार्सेय येथील ऑलिव्ह टाईप-फौंड्रीसाठीं सिद्ध केलेला 'मिस्त्राल' हा टाईप होय.

मिस्त्राल हें दक्षिण फ्रान्समध्यें उत्तरेकडून सुटणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याचें नांव. एक्सकोफों यानें या टाईपाचा पाया स्वतःच्याच हस्ताक्षरावर घातला. अमेरिकेंत १९४२ सालीं रॉबर्ट स्मिथ यानें केलेला 'ब्रश स्क्रिप्ट' शेजारीं ठेवून पाहावा. त्याचींही अक्षरें एकमेकांस जुळतात. पण सारीं एकाच कलानें, कवाइतींतल्या शिपायांप्रमाणें. मिस्त्रालचीं अक्षरें गप्पा मारीत रस्त्यानें जाणाऱ्या मंडळीसारखीं आहेत: कोणी किंचित् वर, कोणी खालीं, कोणाचा सोगा लोंबता; आणि रेघांच्या कडा जलद फिरलेल्या कुंचल्याप्रमाणें खरबरीत.

या स्वैरपणामागें मोठा हिशेब आहे. देवनागरींत शिरोरेघ अक्षरांस आयतीच बांधून ठेवते. रोमन लिपीस तो आधार नाहीं. शिशाच्या दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर रेघ तुटूं द्यावयाची नसेल, तर एका अक्षराची रेघ जेथें कडेस पोंचते, तेथूनच पुढच्या अक्षराची निघाली पाहिजे. मग शेजारीं कोणतेंही अक्षर येवो. हें बंधन पाळूनही हात मोकळा भासविणें, यांतच एक्सकोफोंचें खरें कसब दिसतें.

तथापि या भासाला मर्यादा आहे. एखादें अक्षर जोडीनें आलें कीं दोन्ही हुबेहूब सारखीं उमटतात, आणि हात नाहींसा होऊन सांचा दिसूं लागतो. सबंध शब्द मोठ्या अक्षरांत जुळविला, तर ओघच तुटतो. म्हणून दुकानाची पाटी, उपाहारगृहाचें नांव, भित्तिपत्रकावरील एखाददुसरा शब्द, हेंच त्याचें योग्य स्थान. तेथें तो चार शब्द हंसून बोलतो आणि बाजूस होतो.

परंतु संगणकाबरोबर असे टाईप घरोघर पोंचले आहेत, आणि आभाराच्या, निमंत्रणाच्या, इतकेंच काय सांत्वनाच्या पत्रांतही ते दिसूं लागले आहेत. आमचा आक्षेप येथें आहे. हातच्या पत्राचें मोल त्याच्या वळणांत नसतें. लिहिणाऱ्यानें आपल्यासाठीं घडीभर बसून लिहिलें, या जाणिवेंत असतें. पाटीकडे पाहणारा ती जाणीव अपेक्षीतच नाहीं, म्हणून तेथें कोणाची फसवणूक होत नाहीं. पत्र वाचणारा मात्र ती अपेक्षितो. त्याला न दिलेल्या वेळाची खूण दाखविणें हें सौजन्य नव्हे. अशा प्रसंगीं साधा, सरळ छापील टाईप अधिक प्रामाणिक. आणि त्याहून बरें म्हणजे आपलें स्वतःचें अक्षर, मग तें कितीही वांकडें असो.