घर वाचले, कागद कुठे गेले?

स्त्रियांच्या कर्तृत्वाचे एखादे संग्रहालय अडचणीत आले की पहिली हाक पैशासाठी दिली जाते. ती योग्यच आहे. गळके छप्पर भाषणांनी दुरुस्त होत नाही. परंतु निधी जमला, सरकारने हात दिला, दाराला नवा रंग लागला, की संग्रहालय वाचले असे जे मानले जाते ते मला मान्य नाही. नेमके काय वाचले, हे तपासावे लागते. भिंती वाचल्या, संस्थेचे नाव वाचले, की लढलेल्या स्त्रियांची साक्ष वाचली?

हा प्रश्न मी अमेरिकेच्या राजधानीतील, वॉशिंग्टनमधील, दोन घरांच्या आधारे मांडतो आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. शंभर वर्षांनी, 1972 साली, आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव तिथल्या काळ्यांच्या चळवळीवरून घेतले. तिथल्या पुरुष नेत्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. तिथल्या काळ्या स्त्रियांची स्मृती कोणी आणि कशी सांभाळली, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले आहे.

पहिले घर संसदभवनाच्या परिसरात आहे. ‘नॅशनल वूमन्स पार्टी’ या स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या पक्षाने 1929 साली ते घेतले. पक्षाची आधीची जागा सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीसाठी सरकारने संपादन केली होती. अल्व्हा बेल्मॉण्ट या धनाढ्य बाईंचा पैसा आणि अ‍ॅलिस पॉल यांचे नेतृत्व या पक्षाच्या पाठीशी होते. पुढे या घराचे संग्रहालय झाले. 1974 साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही जुन्या वास्तूची देखभाल संस्थेला पेलेनाशी झाली. अखेर 12 एप्रिल 2016 रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले, एका धनिकाने डागडुजीसाठी दहा लाख डॉलर दिले आणि घर राष्ट्रीय उद्यान खात्याच्या व्यवस्थेखाली गेले. ज्या पक्षाने ते उभे केले त्याने मात्र जानेवारी 2021 मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून काम थांबवले. घर राहिले, संघटना गेली. एवढ्यावरूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे.

या घराची कीर्ती ज्या लढ्यावर उभी आहे, त्यात 3 मार्च 1913 चा वॉशिंग्टनमधील मोर्चा फार महत्त्वाचा. पक्ष तेव्हा स्थापन व्हायचा होता, पण मोर्चाच्या प्रमुख संघटक अ‍ॅलिस पॉलच होत्या. हजारो स्त्रिया मताचा अधिकार मागत निघाल्या. त्यांत आयडा बी. वेल्स होत्या. गुलामीत जन्मलेली ही स्त्री काळ्यांना झुंडीने ठार मारण्याच्या प्रथेविरुद्ध निर्भयपणे लिहीत होती, आणि त्यापायी तिचे वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले होते. इलिनॉय राज्याच्या पथकाबरोबर चालायला आलेल्या वेल्सना सांगण्यात आले, तुम्ही काळ्या स्त्रियांबरोबर शेवटी चाला. कारण काय, तर दक्षिणेतल्या गोऱ्या भगिनी नाराज होतील. वेल्स बाजूला झाल्या, बघ्यांच्या गर्दीत थांबल्या, आणि आपल्या राज्याचे पथक समोरून जाऊ लागताच त्यात शिरून ताठ मानेने चालू लागल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. पंगतीत शेवटी बसवण्याची रीत केवळ आपल्याच देशात नाही, हे त्या मोर्चाने आधीच दाखवून दिले होते.

1920 साली स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना तो कागदावरच मिळाला. कर, परीक्षा आणि दहशत यांच्या जोरावर त्यांना मतदान केंद्रापासून दूर ठेवले गेले. 1921 च्या पक्ष-अधिवेशनात काळ्या स्त्रियांनी हा प्रश्न हाती घेण्याची विनंती केली. अ‍ॅलिस पॉल यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नव्हे.

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आपल्याकडच्या किती परिषदांत आपल्या बायांना सांगितले गेले, की जातीचे इथे काढू नका, इथे आपण सगळ्या बायका आहोत! आणि आपल्याच सभांतून त्यांना सांगितले गेले, की बायकांचे प्रश्न नंतर पाहू, आधी समाजाचे पाहू. दोन्ही दारांतून परत पाठवलेल्या स्त्रीची नोंद मग कोणत्या संग्रहालयात व्हायची? अ‍ॅलिस पॉल यांनी तुरुंगवास सोसला, उपोषण केले, त्यांना नळीने जबरदस्तीने अन्न भरवण्यात आले. ते शौर्य खोटे नाही. पण त्यांच्या शौर्याबरोबर त्यांचा 1921 चा नकार त्याच भिंतीवर, तेवढ्याच ठळक अक्षरांत असल्याशिवाय ते घर पुरते वाचले असे मी म्हणणार नाही. ज्या संग्रहालयात फक्त गौरव असतो त्याला मी देव्हारा म्हणतो.

दुसरे घर याच शहरात, व्हरमॉण्ट अ‍ॅव्हेन्यूवर आहे. ते मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांच्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन’ या संघटनेचे. बेथ्यून 1875 साली, एके काळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मल्या, कापसाच्या शेतात राबल्या. 1904 साली फ्लोरिडातील डेटोना येथे त्यांनी दीड डॉलरच्या भांडवलावर काळ्या मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाईंची आठवण यावी असेच हे काम. 1935 साली त्यांनी ही कौन्सिल स्थापन केली आणि 1943 साली तिच्यासाठी हे घर घेण्यात आले.  1966 साली घराला आग लागली आणि कौन्सिलला जागा सोडावी लागली.

तरी या स्त्रियांनी ते सोडून दिले नाही. 1979 साली तिथे बेथ्यून यांच्या नावाचे संग्रहालय आणि काळ्या स्त्रियांच्या इतिहासाचे राष्ट्रीय अभिलेखागार सुरू झाले. इतिहासकार बेटी कॉलिअर-थॉमस या त्याच्या संस्थापक संचालिका. घराच्या मागच्या जुन्या बग्गीखान्यात कागद लावले गेले: पत्रे, इतिवृत्ते, छायाचित्रे, सभांचे हिशेब. मला हे फार मोलाचे वाटते. काळ्या स्त्रियांनी आपल्याच माणसांच्या हातांनी आपल्या इतिहासाचे पुरावे रचायला घेतले होते. 1982 साली सरकारने या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. पैशाची ओढाताण चालूच राहिली. 1994 साली राष्ट्रीय उद्यान खात्याने घर ताब्यात घेतले. म्हणजे हेही घर वाचले.

पण 2014 साली त्यातले कागद शहराबाहेर, मेरीलँडमधील लॅण्डओव्हर येथील खात्याच्या भांडारात हलवण्यात आले. जुन्या बग्गीखान्यात कागद टिकवण्याच्या सोयी पुरेशा नाहीत, हे कारण देण्यात आले. काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला. खात्याचे कारण मी हसण्यावारी नेणार नाही. ओल, उष्णता आणि वाळवी यांना चळवळीची निष्ठा कळत नाही. घरच्या मायेपोटी कागदांची भुकटी होऊ देणे हा काही स्वाभिमान नव्हे. तरीही प्रश्न उरतोच. खोल्या दाखवायला ठेवल्या आणि बोलणारे कागद दूर नेले, तर त्या घरात येणाऱ्या शाळकरी मुलीच्या हाती काय लागते? एक खुर्ची, एक मेज, एक तसबीर. बेथ्यून यांनी कोणाला काय लिहिले, कोणाशी भांडल्या, पैसा कुठून आणला, हे तिला तिथे कळायला हवे. कागद सुरक्षित जागी ठेवायचेच असतील, तर त्यांच्या प्रती घरी हव्यात आणि ते कोणी, कसे पाहायचे हे ठरवण्यात त्या समाजाचा वाटा हवा. ज्यांचा इतिहास, त्यांच्या हाती किल्ली. एवढी अट सरकारी मदतीबरोबर घालता आली पाहिजे.

आता आपल्याकडे वळतो. पुण्यात भिडेवाड्यात 1848 साली फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा वर्षानुवर्षे मोडकळीला आलेला होता, न्यायालयात खटला चालला. डिसेंबर 2023 मध्ये महापालिकेने तो जमीनदोस्त केला, आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचे ठरले. स्मारकाला माझा विरोध नाही. पण त्यात काय असेल, हे विचारण्याची वेळ उद्‌घाटनानंतरची नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो तिथे पूर्ण वाचायला मिळेल का? त्या निबंधातला धर्मावरचा आणि पेशवाईवरचा संताप तसाच राहील, की त्यातली ‘गुणी विद्यार्थिनी’ तेवढी उचलली जाईल? 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित स्त्रियांच्या परिषदेला हजारो बाया आल्या, घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वाविरुद्धचा ठराव त्यांनी केला. त्या बायांना कोणती भिंत मिळणार?

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले, ते आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून. कोणतीही इमारत, कोणताही शासकीय दर्जा पाठीशी नसताना झालेले ते आपले पहिल्या प्रतीचे संग्रहालय आहे. त्यातल्या बहुतेक साक्षी तेव्हा घेतल्या नसत्या, तर आज कोणत्याही निधीने परत मिळाल्या नसत्या.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. स्मारकासाठी निवेदने द्या, मोर्चे काढा, पण त्या कामाची वाट पाहत बसू नका. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईकडे 1956 च्या नागपूरच्या दीक्षेचे छायाचित्र असेल, नामांतराच्या लढ्यात झालेल्या अटकेचा कागद असेल, महिला मंडळाची हिशेबाची वही असेल. त्यावर तारीख, गाव आणि तिचे पूर्ण नाव लिहून घ्या. नुसती ‘अमक्याची आई’ अशी नोंद करू नका. प्रत काढा, मूळ कागद तिच्या घरी परत द्या. उद्या पुण्यात स्मारक उभे राहील तेव्हा त्याच्या दाराशी आपण या प्रती घेऊन गेले पाहिजे आणि विचारले पाहिजे, की यांची जागा कोणती?